शिळं कोण खातं, तिथून वर्ग सुरू करा

प्रश्न असा आहे: परभणीतल्या एका वस्तीत बायकांचा बचत गट आहे. बहुतेक जणी धुणीभांडी, बांधकाम किंवा शेतमजुरी करतात. कमी पैशांत पोटभर आणि काही वाया न घालवता स्वयंपाक कसा करावा, याचे वर्ग गटानं सुरू केले. पहिल्या दिवशी वीस जणी आल्या, तिसऱ्या आठवड्याला चार उरल्या. काय शिकवावं, खर्च कसा भागवावा आणि बायका टिकत का नाहीत?

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तिथं मी स्वतः आपटले आहे.

लातूर-धाराशिवकडची गावं आणि नंतर शहरातल्या वस्त्या मिळून पंधराएक वर्षं मी हे वर्ग घेते. पहिल्या वर्गाला मी मोठ्या हौसेनं नाव दिलं होतं, ‘शिळ्यातून नवं’. शिळ्या भाकरीचे प्रकार, उरलेल्या भाताचे प्रकार, वरणाची थालीपीठं, सगळं कागदावर लिहून नेलं. अर्धा तास बोलले असेन. कोपऱ्यात बसलेली एक म्हातारी म्हणाली, “बाई, शिळं खायला शिकवायला आलाव व्हय? ते तर आम्ही लगीन झाल्यापासून खात आलोत.” सगळ्या हसल्या, मीही हसले. पुढच्या आठवड्याला सतरंजीवर मी आणि गटाची सचिव, दोघीच.

त्या म्हातारीचं बोलणं समजायला मला वर्ष लागलं. गरिबाच्या घरात अन्न फारसं वाया जातच नाही. उरलेलं कोणीतरी खातं, आणि ते कोणीतरी म्हणजे बहुतेक वेळा घरातली बाई, त्यातही सून. रात्रीची भाकरी सकाळी तिच्या वाट्याला, तळाचं वरण तिच्या वाट्याला, करपलेली पहिली भाकरी तिच्याच वाट्याला. आपण बाहेरून जाऊन तिला ‘वाया घालवू नका’ म्हणतो तेव्हा तिला ऐकू येतं, ‘अजून थोडं शिळं खा’. कोण येईल अशा वर्गाला? तुमच्याकडंही असंच काही झालं असणार, असा माझा अंदाज आहे. पहिल्या वर्गात काय बोललात ते एकदा आठवून पाहा.

आता मी पहिल्या दिवशी काही शिजवत नाही. एकच विचारते: काल रात्री काय उरलं आणि ते आज कोणी खाल्लं? उत्तरं येऊ द्यायची, त्यावर भाषण द्यायचं नाही. दहा जणींनी एकामागून एक “मीच” म्हटलं की त्या आपसांत बघतात. वर्गाचं अर्धं काम तिथं होतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५४ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं होतं. हा आकडा मी पहिल्या दिवशी सांगत नाही, तिसऱ्या-चौथ्या वर्गाला सांगते. तोवर शेवटी कोण जेवतं हे त्यांच्याच तोंडून आलेलं असतं.

मग शिकवायचं काय? माप. पदार्थ त्यांना येतात, तुमच्या-माझ्यापेक्षा चांगले येतात. माप मात्र हातातून गेलं आहे. आमच्या आज्यांच्या घरात पायली, शेर, मापटं, चिपटं होतं. आज कोठीतून कोणी मोजून काढतं, असं क्वचित दिसतं. डब्यात हात घालायचा आणि अंदाजानं घ्यायचं. अंदाज नेहमी जास्तीकडं झुकतो, कारण कमी पडलं तर बोलणी बाईलाच बसतात. म्हणून प्रत्येकीला एक वाटी ठरवून द्या, तिच्याच घरातली, आणि एक आठवडा फक्त लिहायला सांगा: किती वाट्या तांदूळ टाकला, किती भाकरी थापल्या, किती उरल्या. लिहिता येत नसेल तर भिंतीवर कोळशानं रेघा. ज्वारीच्या एक किलो पिठाच्या आपल्याकडच्या बऱ्यापैकी मोठ्या दहा-अकरा भाकरी होतात. डाळ माणशी मूठभर, म्हणजे साधारण ४० ग्रॅम. एवढ्या दोन मापांवर त्या घरचा हिशोब स्वतः मांडतात.

एक अडचण येते ती सांगून ठेवते. ‘दुरडी रिकामी ठेवू नये’ म्हणून रात्री एखादी भाकरी मुद्दाम ठेवायची रीत बऱ्याच घरांत आहे. तिच्याशी भांडू नका. ती भाकरी मापात धरा आणि सकाळी तिचं जे होईल ते घरातल्या सगळ्यांसाठी होऊ द्या. कांदा, शेंगदाणे, कढीपत्ता घालून केलेला फोडणीचा कुस्करा किंवा ताकातला काला पोरांनी आणि नवऱ्यानंही खाल्ला, की ‘शिळं’ हा शब्द आपोआप गळतो. एकटीनं खाल्लं तर शिळं, पाच जणांनी खाल्लं तर न्याहारी.

पदार्थांकडं वळते. दुसऱ्या वर्गाला त्यांनाच शिकवायला सांगा. मी लातूरकडची, म्हणून येळवशीच्या भज्जीपासून सुरुवात करायचे. मार्गशीर्ष अमावास्येला शेतात जाऊन जेवतात ना, तिची भज्जी: ओला हरभरा, तूर, वाटाणा, वालाच्या शेंगा, मेथी, चिंचेचा कोळ आणि बेसन. प्रत्येकीच्या घरातलं मूठभर एका पातेल्यात पडतं. तुमच्याकडं ती तितकी होत नसेल तर येसराची, म्हणजे भाजलेलं धान्य, डाळी आणि मसाले दळून केलेल्या पिठाची, आमटी घ्या, कण्या घ्या, अंबाडीची भाजी घ्या. ज्यांनी ७२ चा दुष्काळ लहानपणी पाहिला, तेव्हा मदत म्हणून वाटलेली सुकडी खाल्ली, अशा म्हाताऱ्या वस्तीत अजून असतील. त्यांना पाटावर बसवा. सुना गप्पा मारत शिकतात आणि सासवाही वर्गाच्या विरोधात जात नाहीत. हा दुसरा फायदा लहान नाही.

माळव्याचा, म्हणजे भाजीपाल्याचा, विषय सगळ्यात जास्त वेळ मागतो. आठवडी बाजार संपताना, अंधार पडायला लागला की वाटे स्वस्त होतात, आणि बायका थैली भरून आणतात. पुढच्या बाजारापर्यंत त्यातलं निम्मं सडतं. स्वस्तात घेतलं म्हणून ते सडलेलं दिसत नाही, पण तेवढे पैसे गेलेच. म्हणून वर्ग बाजाराच्या दुसऱ्या दिवशी ठेवा आणि आणलेली थैली वर्गातच उघडायला लावा. पालेभाज्या त्याच दिवशी निवडायच्या, ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारी ठेवायच्या आणि पहिल्या दोन दिवसांत संपवायच्या. गवार, दोडकी, वांगी मधल्या दिवसांत. भोपळा, कांदा, बटाटा शेवटी. कोणती भाजी आधी खायची एवढं जरी ठरलं तरी महिन्याला फरक दिसतो.

मग देठं आणि सालं. फ्लॉवर घेताना पाला बाजारातच तोडून टाकतात. तो मागून घ्या. त्याची डाळ घालून भाजी होते आणि गड्ड्यापेक्षा लोह त्या पाल्यात जास्त असतं. मुळ्याचा पाला, कोथिंबिरीची देठं, दोडक्याच्या शिरा, दुधीची साल, कलिंगडाचा पांढरा भाग, यांतलं काहीच मराठवाड्याला नवीन नाही. दोडक्याच्या शिरांची तीळ घालून केलेली चटणी तुमच्या आईनंही केली असेल. नवीन आहे ते फवारणीचं. आता हरभऱ्याचा कोवळा पाला खुडून आणताना शेत कोणाचं आणि फवारा कधी मारला हे विचारावं लागतं. बांधावरची घोळ, तांदुळजा, पाथरी तणनाशकानं जळाली. जिथं उगवते तिथं फवाऱ्याची चौकशी न करता तोडू नका. बाजारातल्या भाजीची साल वापरायची असेल तर आधी मिठाच्या पाण्यात ठेवून मग वाहत्या पाण्यात चोळून धुवा. सगळं विष त्यानं जातं असं मी म्हणणार नाही, वरचं बरंच जातं. आणि ते धुतलेलं पाणी झाडाला. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला रेल्वेनं पाणी आलं होतं, त्या साली आम्ही वर्गात ताट-वाटी धुणं बंद करून पळसाच्या पत्रावळ्या वापरल्या. तेव्हापासून हिशोबाच्या वहीत मी पाण्याच्या घागरीही लिहिते.

गॅस हा पैशाचा मोठा गळका नळ आहे. उकळतं पाणी मोठ्या आचेवर जास्त तापत नाही, फक्त लवकर आटतं. हे एक वाक्य बायकांना पटवायला दोन पातेली शेजारी ठेवून दाखवा, एकाखाली आच बारीक आणि झाकण घातलेलं. डाळ तासभर भिजत घाला. आणि गोधडीचा प्रयोग करा. भिजवलेली तुरीची डाळ किंवा भात झाकण ठेवून दहा-पंधरा मिनिटं खळखळ उकळायचा, मग पातेलं झाकणासकट जुन्या गोधडीत घट्ट गुंडाळून टोपलीत ठेवायचं. भात अर्ध्या-पाऊण तासात होतो, वरणाला दीड तास लागतो. सकाळी साडेसहाला कामावर निघणाऱ्या बाईला याचा खरा उपयोग, कारण पोरांची तयारी चालू असताना भात स्वतःच शिजतो. वरण मात्र वाढण्याआधी पुन्हा उकळी आणून घ्यायचं. आणि राजमा गोधडीत कधीच शिजवायचा नाही; तो कच्चट राहिला तर उलट्या होतात, त्याला चांगलं उकळावंच लागतं.

तुमच्या वस्तीत रेशन येत असेल, तर तांदळासाठी अर्धा तास राखून ठेवा. २०२१ मध्ये सरकारनं पोषणमूल्यं वाढवलेला तांदूळ जाहीर केला आणि टप्प्याटप्प्यानं तो रेशनवर आला. साध्या शंभर दाण्यांत एक दाणा तांदळाच्या पिठापासून बनवलेला, त्यात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ मिसळलेलं. हा दाणा जरा वेगळा दिसतो, कधी पाण्यावर तरंगतो. झालं, ‘प्लास्टिकचा तांदूळ आला’ अशी आवई उठली आणि बायका सुपात पाखडून नेमका तोच दाणा फेकायला लागल्या. ज्यांच्या अंगात रक्त कमी, त्याच लोहाचा दाणा निवडून टाकतायत! तुमच्या रेशनवर असा तांदूळ अजून मिळत असेल, तर वर्गात तो दाणा हातावर घ्या, शिजवून दाखवा, चावून दाखवा. तांदूळ चार-चार पाण्यांनी धुवायचा नाही. घरात थॅलेसेमिया किंवा सिकलसेलचा रुग्ण असेल तर त्याच्याबद्दल डॉक्टरांना विचारायला सांगा. जेवणावर लगेच चहा पिऊ नका आणि ताटात लिंबाची फोड असू द्या, हेही याच दिवशी सांगते, कारण लोह अंगी लागण्याचा संबंध त्याच्याशी आहे.

दुसरी गंमत सोयाबीनची. आपल्या जिल्ह्यांत पोत्यांनी सोयाबीन पिकतं, विकतं, आणि घरी मात्र दाणाही शिजत नाही. वास येतो, पोटात गच्च होतं, असं बायका सांगतात. खरं आहे, कच्चं सोयाबीन पचत नाही. पण ते वीस-पंचवीस मिनिटं उकळून, उन्हात खडखडीत वाळवून नऊ भाग गव्हात एक भाग दळलं तर पोळीची चव बदलत नाही आणि पिठातलं प्रथिन वाढतं. एकदा वर्गात न सांगता अशी पोळी खायला द्या. ज्वारीचंही तेच. तुमच्याच परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठानं २०१८ मध्ये ‘परभणी शक्ती’ हा लोह आणि जस्त जास्त असलेला ज्वारीचा वाण दिला. विद्यापीठाचं सामुदायिक विज्ञान महाविद्यालयही तिथंच आहे. तिथून एखाद्या दिवशी कोणी येईल का, हे जरूर विचारा. फक्त पाहुण्यांना आधीच सांगा: बोलायला दहा मिनिटं, बाकी वेळ हात पिठात.

पाहुण्यांवरून माझी एक चूक सांगते. मे महिना, एका गावात वर्गाचा समारोप. खिचडी सकाळी अकराला तयार. बोलावलेले पाहुणे तीनला आले, मग सत्कार, मग भाषणं. चार वाजता जेवण वाढलं आणि रात्री दोन लेकरांना उलट्या झाल्या. सुदैवानं निभावलं. दोष पाहुण्यांचा नव्हता, ती खिचडी वाढणाऱ्या माझा होता. शिजलेल्या भातात राहणारे काही जंतू उकळूनही मरत नाहीत. भात कोमट पडून राहिला की ते वाढतात आणि त्यांचं विष पुन्हा गरम केल्यानं जात नाही. शिजवलेलं अन्न एरवी दोन तास, आणि आपल्या चाळीस-बेचाळीसच्या उन्हाळ्यात एक तास, यापुढं उघड्यावर ठेवायचं नाही. फ्रीज नसेल तर रात्रीचा भात मे महिन्यात सकाळी खायचाच नाही, मोजून कमीच लावायचा. ‘वाया घालवू नका’ म्हणणाऱ्या वर्गात ‘हे टाका’ असंही ठणकावून सांगता आलं पाहिजे. बुरशी आलेले शेंगदाणे, खवट वास आलेलं पीठ, हिरवा पडलेला बटाटा आणि पावसात भिजून काळी पडलेली ज्वारी, हे टाकायचंच. १९९५ साली दख्खनच्या पठारावरच्या काही गावांत भिजलेली, बुरशी धरलेली ज्वारी आणि मका खाऊन माणसं पोटदुखी-जुलाबानं आजारी पडली होती. म्हणून त्यातली बरी निवडून दळण करायचं, हे चालणार नाही. गुरांनाही घालायची नाही.

खर्चाचं थोडक्यात. फुकट वर्ग ठेवू नका. फुकटाला लोक पाहायला येतात, शिकायला येत नाहीत. प्रत्येकीनं वाटीभर पीठ किंवा मूठभर डाळ आणि एक कांदा आणायचा, तेल-गॅसचे दहा रुपये. भांडी गटाची. शिजवलेलं सगळ्यांनी मिळून तिथंच खायचं, घरी डबा न्यायचा नाही. डबा नेला की तो परत घरातल्या इतरांचा होतो आणि ती उपाशी. दर वर्गाच्या शेवटी फळ्यावर त्या दिवशीच्या बाजारभावानं ताटाचा खर्च बायकांनीच काढायचा. त्यात एकदा लेकरांच्या पाच रुपयांच्या खाऊच्या पुड्याही लिहा. एका लेकराला दिवसाला दोन पुड्या म्हणजे महिन्याला ३०० रुपये. दोन लेकरं असली तर ६००. हे मी कधी सांगत नाही, बेरीज त्यांनाच करू देते. मग फुटाणे, शेंगदाणे-गूळ, ज्वारीच्या लाह्या हा विषय त्याच काढतात.

जागा कुठली घ्यायची हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण बायका गळण्याचं ते दुसरं कारण असू शकतं. कोणाच्या घरी वर्ग असेल तर कोण तिथं पाणी पिणार आणि कोण नाही, हे उंबऱ्यावरच ठरतं. माझ्या एका वर्गात काही जणींना दर आठवड्याला नेमका ‘उपवास’ असायचा. चौथ्या उपवासाला माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तेव्हापासून वर्ग शाळेच्या खोलीत किंवा समाजमंदिरात घेते, सगळ्यांचं आणलेलं पीठ एकाच परातीत पडतं आणि भाकरी पाळीपाळीनं सगळ्या थापतात. यानं सगळ्या बदलल्या असं नाही. त्यातल्या दोघी परत आल्याच नाहीत. बाकीच्या जेवायला लागल्या. मुसलमान बायका गटात असतील तर रोज्यांच्या महिन्यात वर्ग इफ्तारच्या आधी तासभर घ्या किंवा सरळ पुढं ढकला.

वर्ग आठच ठेवा. आठवड्याला एक, दुपारी एक ते तीन, कापूस वेचणी आणि सोयाबीन काढणीचे दिवस सोडून. वर्षभर चालवायचा हट्ट धरला की तिसऱ्या आठवड्याला चारच उरतात, ते तुम्ही पाहिलंच आहे.

आणि वस्तीतली काही कुटुंबं ऊसतोडीला जाणारी असतील, तर त्यांच्यासाठी एक वर्ग वेगळा, दसऱ्याच्या आत. फडावर बाई पहाटे तीन-चारला उठून तीन दगडांच्या चुलीवर भाकरी करते आणि मग कोयता घेते. तिला भाजीचे प्रकार नकोत. तिला येसर, मेतकूट, शेंगदाण्याची कोरडी चटणी, वाळवलेली मेथी आणि अंबाडी, सातूचं पीठ असं सामान बांधून द्या, म्हणजे पहाटेचं कालवण दहा मिनिटांत होईल. हे सगळं दोन दुपारांत आठ-दहा जणी मिळून करतात. भाजणी-दळणाचं सामान आणून ठेवायला आठवडा धरा, म्हणजे भाद्रपदातच यादी काढावी लागेल.